अण्णांच्या एमआरआयमधला 3 मिलिमीटरचा ठिपका: लकवा की तात्पुरतं विस्मरण?

कोल्हापुरातल्या एका सूनबाईंचा प्रश्न आहे, तो आधी थोडक्यात सांगते. सासरे 64 वर्षांचे, निवृत्त शिक्षक, पोहण्याची जुनी सवय. डिसेंबरच्या थंडीत सकाळी पंचगंगेवर पोहून घरी आले आणि "आज वार कुठला? टॉवेल वला कसा गं माझा? नदीवर गेलतो काय मी?" असं विचारू लागले. "व्हय अण्णा, आत्ताच आलाय की तुम्ही" असं सांगितलं की मान डोलवायचे आणि दोन मिनिटांत पुन्हा तेच प्रश्न, त्याच शब्दांत. हातपाय, चेहरा, बोलणं सगळं व्यवस्थित. घरातल्या प्रत्येकाला नावानं हाक मारत होते. दवाखान्यात सीटी केला, तो नॉर्मल आला. दुपारपर्यंत अण्णा पूर्ववत झाले, फक्त सकाळचं काही आठवेना. तिसऱ्या दिवशी एमआरआय झाला आणि रिपोर्टमध्ये आलं: डाव्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूतल्या आठवणी नोंदवणाऱ्या भागात) 3 मिलिमीटरचा ठिपका, अक्यूट इन्फार्क्ट, म्हणजे रक्तपुरवठा तुटल्यानं झालेला ताजा डाग. एका डॉक्टरांनी लहानसा लकवा म्हणून रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या कायमच्या सांगितल्या. दुसरे म्हणाले, हा लकवा नव्हेच, गोळ्या नकोत. आता ऐकायचं कुणाचं? आणि लकवा व तात्पुरतं विस्मरण हा फरक स्कॅनवर कळतो का?

मी रेडिओलॉजिस्ट आहे. कोल्हापुरातच बरीच वर्षं मेंदूचे सीटी आणि एमआरआय वाचते. फरक कळतो. पण त्यासाठी चित्राबरोबर आणखी दोन गोष्टी हाताशी लागतात: त्रास कसा सुरू झाला त्याची हकीकत, आणि त्रास सुरू झाल्यापासून किती तासांनी स्कॅन झाला तो हिशोब. या दोन गोष्टी नसतील तर तोच ठिपका एकाला लकवा वाटतो, दुसऱ्याला विस्मरण. तुमच्याकडं नेमकं तेच झालेलं दिसतंय.

आधी या विस्मरणाबद्दल. वैद्यकीय नाव ट्रान्झियंट ग्लोबल अ‍ॅम्नेशिया, आम्ही टीजीए म्हणतो. मिलर फिशर आणि रेमंड अ‍ॅडम्स या अमेरिकेत काम करणाऱ्या दोन न्यूरॉलॉजिस्टांनी 1958 मध्ये त्याला हे नाव दिलं आणि 1964 मध्ये सविस्तर वर्णन केलं. बहुतेक रुग्ण 50 ते 70 या वयातले असतात. अचानक, एका क्षणात नवीन आठवणी नोंदवणं बंद पडतं. माणूस शुद्धीत असतो, स्वतःचं नाव सांगतो, चहा गाळतो, गाडीची किल्ली कुठं लटकवायची तेही कळतं. पण दोन मिनिटांपूर्वी काय बोलणं झालं ते टिकत नाही. म्हणून तोच प्रश्न, त्याच सुरात, पुन्हा पुन्हा. मागचे काही दिवस, कधी काही वर्षंही त्या वेळी धूसर होतात आणि मग हळूहळू परत येतात. बहुतेकांना 4 ते 6 तासांत उतार पडतो. 24 तासांच्या आत सगळं सुरळीत झालं तरच त्याला टीजीए म्हणायचं.

निदानाचे निकष हॉजेस आणि वॉर्लो यांनी 1990 मध्ये मांडले, आजही तेच वापरतात. त्यांतली एक अट मला सर्वांत मोलाची वाटते: झटका कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेला असला पाहिजे. बाकीच्या अटी अशा: विस्मरणाखेरीज मेंदूचं दुसरं काहीही बिघडलेलं नसावं, स्वतःची ओळख शाबूत असावी, फिट आल्याची लक्षणं नसावीत, अलीकडं डोक्याला मार लागलेला नसावा. या निकषांत स्कॅनचा उल्लेखही नाही. हे मी, जिचं काम स्कॅन वाचण्याचं आहे ती, मुद्दाम सांगतेय. तुम्ही जे लिहून पाठवलंय, वल्या टॉवेलच्या प्रश्नासकट, ते निदानाच्या दृष्टीनं एमआरआयच्या रिपोर्टपेक्षा वजनदार आहे.

थंड पाण्यात उतरणं हे टीजीएचं नोंदलेलं निमित्त आहे. अचानक मोठा मानसिक धक्का, जोराचे श्रम, शरीरसंबंध, जोर लावून कुंथणं हीही निमित्तं आढळतात. मायग्रेन असलेल्यांत हे थोडं जास्त दिसतं. मुळात हे का होतं यावर अजून एकमत नाही. मानेतल्या शिरांतून रक्त उलट दाबलं जाणं, मायग्रेनसारखी विद्युतलहर, ताणाचा परिणाम अशा अनेक शक्यता मांडल्या गेल्यात. मात्र कुठला भाग बंद पडतो ते पक्कं माहीत आहे: हिप्पोकॅम्पस, आणि त्यातही सीए1 नावाचा पट्टा. हिप्पोकॅम्पस म्हणजे कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या टेंपोरल भागात खोलवर असलेली वळकटीसारखी रचना. नवीन आठवण आधी तिथं नोंदली जाते. सीए1 मधल्या पेशी ऑक्सिजन आणि ऊर्जेच्या ताणाला फार लवकर हार मानतात.

आता चित्राकडं येऊ. एमआरआयमध्ये लकवा शोधण्यासाठी डीडब्ल्यूआय नावाची तपासणी असते. ती पाण्याच्या कणांची हालचाल मोजते. रक्तपुरवठा तुटला की पेशींचे पंप बंद पडतात, पाणी पेशींत शिरतं, पेशी फुगतात आणि मधली जागा आवळते. नवरात्रात महाद्वार रोडवर माणूस जसा जागच्या जागी अडकतो, तसे पाण्याचे कण अडकतात. असा भाग डीडब्ल्यूआयवर पांढरा चमकतो आणि जोडीच्या एडीसी नकाशावर काळा दिसतो. दोन्ही एकत्र बघावं लागतं. डीडब्ल्यूआयवर पांढरं आहे पण एडीसीवर काळं नाही, असं असेल तर ती जुन्या व्रणाची चमक असू शकते. लकव्यात हा बदल बहुधा काही मिनिटांत दिसू लागतो, आणि हीच या तपासणीची ताकद आहे.

खरी अडचण पुढं आहे. टीजीएमध्येही हिप्पोकॅम्पसमध्ये पांढरा ठिपका येतो आणि तोही एडीसीवर काळा असू शकतो. म्हणजे नुसत्या चमकेवरून दोन्हींत फरक करता येत नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये "अक्यूट इन्फार्क्ट" लिहिलं गेलं ते बहुधा यामुळंच. मी तुमचा स्कॅन पाहिलेला नाही, पण आमच्याकडं येणाऱ्या चिठ्ठ्या मी रोज बघते. त्यावर अनेकदा एवढंच असतं: "चक्कर, विसर, पॅरालिसिस? एमआरआय ब्रेन." कधी सुरू झालं, किती वेळ टिकलं, पोहून आल्यावर झालं, काही नाही. चिठ्ठीवर एवढंच असेल तर ठिपका पाहणारा डॉक्टर इन्फार्क्ट लिहिणार, कारण लकवा नजरेतून सुटणं हा जास्त मोठा धोका.

तरी ठिपक्याचं वागणं वेगळं असतं. पहिला फरक वेळेचा. लकव्याचा डाग लवकर दिसतो. टीजीएचा ठिपका पहिल्या काही तासांत बहुतेकदा दिसतच नाही आणि 24 ते 72 तासांच्या दरम्यान सर्वांत ठळक होतो. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात टीजीएच्या 31 रुग्णांपैकी सुरुवातीच्या स्कॅनवर फक्त 2 जणांत ठिपका दिसला. 48 तासांनी तोच आकडा 26 झाला. माणूस बरा होऊन घरी गेल्यावर चित्र बिघडलेलं दिसतं, आणि माणूस गोंधळलेला असताना चित्र स्वच्छ असतं. नातेवाईक यानंच घाबरतात: "बरे झाले होते की हो, मग आता डाग कुठनं आला?" अण्णांचा एमआरआय तिसऱ्या दिवशी झाला आणि ठिपका दिसला, हे टीजीएच्या वेळापत्रकात बरोबर बसतं.

दुसरा फरक जागेचा आणि आकाराचा. टीजीएचा ठिपका 1 ते 5 मिलिमीटरचा, गोलसर, हिप्पोकॅम्पसच्या बाहेरच्या कडेला, सीए1 मध्ये. डावीकडं, उजवीकडं किंवा दोन्हीकडं, एक किंवा जास्त. लकवा मात्र रक्तवाहिनीच्या मुलखाप्रमाणं पसरतो. हिप्पोकॅम्पसला मुख्यतः मेंदूच्या मागच्या धमनीतून रक्त येतं. तीच धमनी दृष्टीच्या भागालाही आणि तिच्या बारीक फांद्या मेंदूच्या मधोमध खोलवर असलेल्या थॅलॅमस या भागालाही रक्त देतात. त्यामुळं त्या धमनीतल्या लकव्यात डाग सहसा लांबट, मोठा असतो, शेजारच्या भागात किंवा मागं दृष्टीच्या भागात पसरलेला असतो, आणि रुग्णाला एका बाजूचं दिसत नाही. असा रुग्ण विसरतो तर खराच, पण दाराच्या उजव्या चौकटीला खांदाही आपटतो, किंवा वर्तमानपत्राची ओळ अर्धीच वाचतो. घरच्यांना वाटतं चष्म्याचा नंबर वाढला. अण्णांची दोन्ही बाजूंची नजर कुणी तपासली का, हे नक्की विचारा. समोर बसून बोटं हलवून दोन मिनिटांत होणारी तपासणी आहे.

थॅलॅमसचा लकवा जास्त फसवा. डाग छोटा, सीटीवर बहुधा अदृश्य, आणि माणूस विसराळू. पण तो सुस्त, झोपाळू, निरिच्छ असतो; अण्णांसारखा काळजीनं सारखं विचारत बसत नाही. शिवाय तो संध्याकाळपर्यंत पूर्ववत होत नाही. म्हणून हिप्पोकॅम्पसमध्ये ठिपका सापडला तरी मी थॅलॅमस, मेंदूचा मागचा भाग आणि लहान मेंदू पुन्हा नीट बघते. तिथं दुसरा ताजा डाग मिळाला तर टीजीएचं नाव मी घेत नाही, मग हृदयातून किंवा मानेतल्या धमनीतून गुठळ्या सुटताहेत का ते शोधायला हवं.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, म्हणून इथं जरा थांबते. एमआरआय कसा काढला यावरही बरंच अवलंबून असतं. नेहमीच्या डीडब्ल्यूआयचे काप साधारण 5 मिलिमीटर जाडीचे असतात आणि मध्ये थोडी फट असते. 2 मिलिमीटरचा ठिपका त्या जाडीत विरून जातो किंवा फटीत निसटतो. संशय टीजीएचा असेल तर मी तंत्रज्ञाला हिप्पोकॅम्पसच्या बेतानं 3 मिलिमीटरचे पातळ काप घ्यायला सांगते, उभ्या छेदातले वेगळे, आणि बी-व्हॅल्यू, म्हणजे डीडब्ल्यूआयची संवेदनशीलता ठरवणारा आकडा, वाढवायला सांगते. थोडी मिनिटं जास्त जातात. 3 टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीन असेल तर उत्तम, पण 1.5 टेस्लावरही योग्य वेळी आणि पातळ काप घेतले तर ठिपका सापडतो. उलट बाजूही आहे: निरोगी माणसाचा हिप्पोकॅम्पसही डीडब्ल्यूआयवर आजूबाजूपेक्षा किंचित उजळ असतो, आणि कानाच्या हाडाजवळ चित्र ताणलं जाऊन खोटी चमक येते. दोन्ही बाजू समोरासमोर ठेवून, एडीसी आणि दुसऱ्या छेदात खात्री करूनच ठिपका म्हणायचं. म्हणून फिल्मवरून दुसरं मत घेऊ नका. फिल्मवर चित्रं लहान असतात आणि सगळे काप नसतात. स्कॅन सेंटरकडून सीडी मागून घ्या, ती तुमच्या हक्काची आहे.

सीटी वाया गेला का, असंही तुम्ही विचारलंय. अजिबात नाही. पहिल्या तासात सीटीचं काम रक्तस्राव आहे का ते सांगणं. रक्त सीटीवर लगेच पांढरं दिसतं. गुठळीनं झालेला लकवा मात्र सुरुवातीच्या तासांत सीटीवर दिसेलच असं नाही. त्यामुळं "सीटी नॉर्मल, म्हणजे लकवा नाही" हे वाक्य चुकीचं आहे, आणि कोल्हापुरात ते मी दवाखान्याच्या व्हरांड्यात फार वेळा ऐकते.

दुसरा एमआरआय करावा का? त्रासानंतर महिनाभरानं एमआरआयच्याच फ्लेअर नावाच्या, जुने व्रण दाखवणाऱ्या चित्रावर तपासलं तर मदत होऊ शकते. टीजीएचा ठिपका साधारण दोन आठवड्यांत मावळतो आणि मागं व्रण ठेवत नाही. लकव्याचा डाग बहुधा फ्लेअरवर व्रण सोडतो. इथं एक गैरसमज होतो: डीडब्ल्यूआयवरची चमक लकव्यातही दोन आठवड्यांच्या सुमाराला मावळते, म्हणून "चमक गेली, म्हणजे लकवा नव्हता" असा अर्थ लावू नये, बघायचं ते फ्लेअर. आणि अगदी बारीक इन्फार्क्टही कधी काही खूण ठेवत नाही. हकीकत इतकी स्पष्ट असताना केवळ याच कारणासाठी मी पुन्हा खर्च करायला सांगणार नाही. पहिल्या वेळी एमआर अँजिओग्राफी झाली नसेल, म्हणजे रक्तवाहिन्यांचं चित्र घेतलं नसेल, तर मात्र ती करून घेण्यात अर्थ आहे. तिला सहसा इंजेक्शन लागत नाही. मागच्या धमन्या मोकळ्या आहेत हे दिसलं की मनातली शंका बरीच कमी होते.

स्कॅनशिवायच्या दोन शक्यता. एक, फिटचा प्रकार. त्यात विस्मरण बहुधा तासाभरापेक्षा कमी टिकतं, अनेकदा सकाळी उठल्या उठल्या येतं आणि वारंवार येतं. कधी विचित्र वास येतो, ओठ चाटणं किंवा चघळल्यासारखं तोंड हलणं दिसतं. त्यासाठी ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख, लागतो, आणि उपचार पूर्ण वेगळे. दुसरी, साखर उतरणं. मधुमेहाच्या गोळ्या घेऊन, उपाशीपोटी नदीवर जाणारी माणसं आपल्याकडं कमी नाहीत. ग्लुकोमीटरची एक पट्टी हा प्रश्न मिनिटात सोडवते आणि ती सीटीच्याही आधी व्हायला हवी. झोपेच्या गोळ्या आणि दारूचंही विचारावं, संकोच न करता. ताप असेल आणि गोंधळ वाढत असेल तर मेंदूज्वराचा विचार लगेच करायचा.

आता गोळ्या. तुम्ही सांगितलेलं सगळं खरं धरलं, नजर ठीक असली, रक्तवाहिन्या मोकळ्या असल्या आणि ठिपका त्याच जागी एकटाच असला, तर मी हे टीजीएच म्हणेन. टीजीएला रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या लागत नाहीत. त्याच्यावर वेगळा उपचारच नाही, तो आपोआप ओसरतो. आणि समजा लहान लकवा असता, तरी दोन गोळ्या एकत्र आयुष्यभर ही नेहमीची पद्धत नव्हे. लहान लकव्यानंतर दोन गोळ्या साधारण 3 आठवडे देतात, मेंदूतली धमनी अरुंद असेल तर 3 महिन्यांपर्यंत, आणि पुढं एकच. दोन्ही कायम चालू ठेवल्या तर पोटातून किंवा मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढत जातो. पण स्वतःहून गोळ्या थांबवू नका. कदाचित अण्णांना हृदयासाठी त्या हव्या असतील, हे मला इथून कळणार नाही. न्यूरॉलॉजिस्टना सीडी दाखवा, त्या सकाळची हकीकत कागदावर वेळेसकट लिहून द्या आणि थेट विचारा: गोळ्या कुठल्या निदानासाठी आणि किती दिवस? ज्या सेंटरनं रिपोर्ट दिला त्यांच्याकडंही तोच कागद घेऊन जा. नवी माहिती मिळाल्यावर रिपोर्टला पुरवणी जोडणं हा आमच्या कामाचाच भाग आहे, त्यात कुणाला कमीपणा नाही. "इन्फार्क्ट" हा शब्द कागदावर तसाच राहिला तर पुढं विम्यात, ऑपरेशनच्या वेळी भूल देताना, प्रत्येक ठिकाणी तो अण्णांच्या मागं लागेल.

हे वाचून कुणी असं मात्र ठरवू नये की म्हातारा माणूस विसरायला लागला तर वाट बघायची. घरी बसून हा फरक करता येत नाही आणि करायचाही नाही. अचानक विस्मरण सुरू झालं की त्याला लकवा समजूनच हालचाल करायची. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोबडी वळणं, तोल जाणं, अर्धं दिसेनासं होणं, सुस्ती यांपैकी काहीही सोबत असेल तर एक मिनिटही घालवू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन माणूस शेवटचा ठीक दिसला त्या वेळेपासून साडेचार तासांत द्यावं लागतं. गगनबावड्याहून कोल्हापूर 55 किलोमीटर आहे. चंदगड, आजरा तर त्याहून लांब. आधी गावातला दवाखाना, मग तालुका, मग कोल्हापूर असे टप्पे घेत आलं की ती वेळ रस्त्यातच संपते. 108 ला फोन करा, सीटी रात्रंदिवस चालू असलेल्या दवाखान्यात थेट या. वाटेत अ‍ॅस्पिरिन देऊ नका, कारण रक्तस्राव असेल तर ती घातक ठरते. आणि मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा: माणूस काय विचारतोय, चालतोय कसा, हात कसे उचलतोय. डॉक्टरांपुढं येईपर्यंत अनेकदा झटका ओसरलेला असतो, मग तो व्हिडिओ डोळ्यांनी पाहणाऱ्या साक्षीदाराचं काम करतो.

अण्णांबद्दल शेवटचं. त्या सकाळचे तास त्यांना कधीच आठवणार नाहीत, कारण ते मेंदूत नोंदलेच गेले नाहीत. "आठवा बघू, घाटावर कोण भेटलं होतं?" अशी परीक्षा घरातल्यांनी घेऊ नये; माणूस नाहक खचतो. बहुतेकांना हा झटका आयुष्यात एकदाच येतो, थोड्या लोकांना पुन्हा येतो. यातून स्मृतिभ्रंश होईल ही भीती नको. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी या वयात बघायलाच हवेत, ते या निमित्तानं करून घ्या. पोहणं बंद करा असं मी म्हणणार नाही, इतक्या वर्षांची सवय आहे. न्यूरॉलॉजिस्टनी हिरवा कंदील दिल्यावर, ऊन चढल्यावर, आणि काठावर ओळखीचं कुणी असतानाच उतरावं. पाण्यात असताना झटका आला तर आपण कुठं आहोत, किती वेळ पोहतोय, हेच कळणार नाही, म्हणून एकट्यानं नको.